नळ, शाळा आणि बिऱ्हाड : बडोदे संस्थानच्या लोककल्याणाविषयी काही विचार

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या कारकीर्दीविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या संस्थानिकाविषयी लिहिले गेले असेल. त्यांची भाषणे, त्यांचे परदेशप्रवास, विद्वानांना आणि कलावंतांना त्यांनी दिलेला आश्रय, दिल्ली दरबारातील तो गाजलेला प्रसंग, हे सारे आमच्या वाचकांना मुखोद्गत आहे. त्याची पुनरुक्ती करण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आम्हांस विचारावयाचा आहे तो एक साधा, किंबहुना काहीसा रुक्ष वाटणारा प्रश्न. बडोदे सरकारने आपल्या प्रजेला सेवा म्हणून नेमके काय दिले, कोणत्या दारापर्यंत सरकारचा हात पोहोचला आणि कोणत्या उंबरठ्यावर तो थांबला? आज जिला आपण सरकारची कल्याणनीती म्हणतो, तिचे पाणी, शिक्षण, वाचन आणि निवारा असे चार विषय धरले, तर पहिल्या तिहींत बडोद्याने हिंदुस्थानाला वाट दाखविली आणि चौथ्यात बडोद्याची गोष्ट वेगळीच झाली. ती वेगळी गोष्ट सांगताना बडोदेकर मराठी माणूस सहसा आवाज खाली आणतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तेच केले.

प्रथम पाण्याकडे वळू. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करण्यात आल्यावर १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकरी मुलगा दत्तक घेतला गेला, आणि १८८१ च्या अखेरीस त्याच्या हाती राज्याधिकार आले. या मधल्या काळात सर टी. माधवराव यांनी विस्कटलेला कारभार मार्गी लावला होता हे खरेच; पण शहराची तहान तशीच होती. बडोदे शहर विहिरी, वावी आणि सुरसागरासारख्या तलावांवर जगत होते. उन्हाळ्यात पाणी आटे आणि पावसाळ्यात गढूळ होई. कॉलरा ही ठरल्या वेळी येणारी आपत्ती असे. महाराजांनी अधिकार हाती घेतल्यावर थोड्याच वर्षांत, म्हणजे १८८५ साली, शहराच्या पूर्वेस आजवा येथे सूर्या नदीचे आणि आसपासच्या ओहोळांचे पाणी मातीचा बांध घालून अडविण्याचे काम सुरू झाले. अभियंते जगन्नाथ सदाशिवजी हे एतद्देशीय गृहस्थ होते, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. १८९२ साली नळाचे पाणी शहरात आले.

या योजनेतील दोन गोष्टी आम्हांस विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, तलाव शहराहून उंचावर असल्यामुळे पाणी पंपाविना, केवळ उताराने वाहत येई. म्हणजे रोजचा खर्च बेताचा राहिला. दुसरी अशी की, १८९१ च्या खानेसुमारीत बडोद्याची वस्ती सव्वा लाखाच्याही आत होती, पण योजना तीन लाख माणसे धरून आखली गेली. आपल्या हयातीत ज्यांचे आभार मिळणार नाहीत, अशा अजून न जन्मलेल्या नागरिकांसाठी नळ टाकणे हे राज्यकर्त्याच्या बुद्धीचे खरे लक्षण होय. (पुढे १९०१ च्या खानेसुमारीत, दुष्काळ आणि प्लेग यांच्या तडाख्याने, शहराची वस्ती वाढण्याऐवजी घटून एक लाख चार हजारांच्या आसपास आली. तेव्हा एवढा मोठा तलाव कशाला केला, असे म्हणणारेही निघालेच असतील. शहाण्यांची उणीव कोणत्याच काळात नसते.) आज शहराची वस्ती सोळा लाखांच्या वर गेली आहे आणि पाणी मही नदीकडूनही आणावे लागते, तथापि आजव्याचे पाणी अजून शहराच्या काही भागास मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात शिरला तेव्हा आजव्याची पातळी किती झाली हीच चौकशी घरोघरी चालली होती. सव्वाशेहून अधिक वर्षे एखादे सरकारी काम लोकांच्या रोजच्या बोलण्यात राहावे, याहून त्याचा मोठा पुरावा कोणता?

आता शाळा. हा आमचा नेहमीचा विषय असल्यामुळे येथे आम्ही थोडे अधिक रेंगाळलो तर वाचकांनी क्षमा करावी.

१८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. राजधानीपासून दूरचा, कुणब्यांचा आणि कारागिरांचा असा हा तालुका. प्रथम काही गावे घेतली, मग हळूहळू इतर गावे त्यांत आणली, आणि जवळजवळ तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ साली सबंध संस्थानास सक्तीचा कायदा लागू केला. मुलांस सात ते बारा आणि मुलींस सात ते दहा वर्षे या वयात शाळा सक्तीची झाली, फी नाही, मूल न पाठविणाऱ्या पालकास दंड. या दंडाविषयी तक्रारी पुष्कळ झाल्या, आणि त्या सर्वस्वी खोट्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. पेरणीच्या दिवसांत मुलगा शेतावर नको तर काय शाळेत हवा, असे विचारणारा बाप दुष्ट नसतो. त्याच्या संसारात त्या दोन लहान हातांचा हिशेब धरलेला असतो. सक्ती करणाऱ्या सरकारने त्या हिशेबाची भरपाई कोठून तरी केली पाहिजे, हा विचार त्या काळी कोणाच्याच मनात पुरता आलेला नव्हता. दुपारच्या जेवणाने तो विचार पुष्कळ वर्षांनंतर शाळेत आला.

तरीही या प्रयोगाचे महत्त्व ज्याने अचूक ओळखले, तो मनुष्य पुण्याचा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न मांडताना बडोद्याचा दाखला पुढे केला. बडोद्यात लोकसंख्येच्या शेकडा ८.६ इतकी मुले शाळेत, तर ब्रिटिश हिंदुस्थानात शेकडा १.९, हा आकडा त्यांनी सरकारसमोर ठेवला. एक देशी संस्थान जे करू शकते ते साम्राज्य का करू शकत नाही, या प्रश्नाला सरकारपाशी खरे उत्तर नव्हते. म्हणून उत्तरादाखल पैशाची आणि शिक्षकांची अडचण सांगण्यात आली. १९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी विधेयक आणले आणि १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. विरोधकांत सरकारी सभासदांबरोबर आपलेही काही लोक होते, हे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात सहसा लिहिलेले नसते. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात दहा वर्षांचे आश्वासन दिले गेले. आणि शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क म्हणून २००२ साली घटनेत, आणि २००९ च्या कायद्याने प्रत्यक्षात आला. १ एप्रिल २०१० रोजी हा कायदा अमलात आला तेव्हा अमरेलीच्या प्रयोगाला एकशे सतरा वर्षे होत होती.

पण शाळेचे दार उघडले म्हणजे ते सर्वांना उघडले असे होत नाही. येथे आमच्या प्रतिपादनातील गाठ आहे. बडोदे सरकारने अंत्यजांच्या मुलांसाठी शाळा काढण्यास सक्तीच्या कायद्याच्याही पूर्वी आरंभ केला. पैसा मंजूर झाला, हुकूम सुटले, आणि अडचण आली ती शिक्षकांची. उच्चवर्णीय हिंदू शिक्षक या शाळांत जाण्यास तयार होईनात. सरकारला मुसलमान शिक्षकांवर आणि नंतर आर्यसमाजी मंडळींवर अवलंबून राहावे लागले. १९०८ पासून पंजाबातून आलेल्या पंडित आत्माराम यांनी हे काम हाती घेतले तेव्हा कोठे त्यास जोम आला. म्हणजे सरकार इमारत देऊ शकत होते, पाटी-पुस्तक देऊ शकत होते, पगारही देऊ शकत होते. पण त्या इमारतीत उभा राहणारा मनुष्य मात्र त्याला समाजातूनच घ्यावा लागत होता, आणि समाज जसा होता तसाच होता. आम्ही शिक्षक मंडळी आपल्या व्यवसायाचा गौरव करताना द्रोणाचार्यांपासून साने गुरुजींपर्यंत नावे घेतो. नकार देणाऱ्या त्या शिक्षकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि ते एका अर्थी आमच्या सोयीचेच झाले आहे.

ग्रंथालयांची कथा सुखाची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. शाळेत शिकलेले मूल पुढे वाचावयास काही न मिळाल्याने चार वर्षांत पुन्हा निरक्षर होते, हे महाराजांच्या ध्यानात आले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास आणले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास देण्यात आला. गावोगाव वाचनालये निघाली. आणि जेथे वाचनालय नाही तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा तिहेरी नियम होता. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने याच्या आधीपासूनच मित्रमंडळांची वाचनालये चालविली होती, हेही विसरता कामा नये. सरकारी योजनेस लोकांतून उगवलेल्या कामाची जोड मिळाली म्हणूनच ती रुजली. ज्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची लोखंडी मांडण्यांची आणि काचेच्या जमिनीची इमारत पाहिली आहे, त्यांना वरच्या मजल्यावरील वाचकाच्या पावलांची सावली डोक्यावरून सरकताना दिसलीच असेल.

एक गोष्ट आमच्या साहित्यप्रेमी वाचकांसाठी येथेच नोंदवून ठेवतो. राज्यकर्ते मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, वरिष्ठ कचेऱ्यांत इंग्रजीचा शिरकाव, अशा संस्थानात कारभाराची भाषा लोकांना कळली पाहिजे हा महाराजांचा आग्रह होता. गुजरातीस त्यांनी राज्यकारभारात मानाचे स्थान दिले, आणि १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला, त्यात मराठी आणि गुजराती शेजारी-शेजारी नांदतात. हुकूम समजणे ही देखील एक सार्वजनिक सेवाच आहे. आजच्या कित्येक सरकारी योजनांचे मराठी अर्ज वाचताना त्या कोशाची आठवण आम्हांस प्रकर्षाने होते.

असो. आता त्या चौथ्या विषयाकडे वळले पाहिजे.

१९१३ साली बडोदे सरकारने भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधरास अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी असा करार झाला. कोलंबिया विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये अध्ययन करून, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून, ते १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस परतले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते पाणबुडीने बुडविले, आणि त्याच्या नुकसानभरपाईतून बडोद्याचा प्रवास घडला. सप्टेंबरात ते कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यास बडोद्यास आले. त्यांना स्टेशनवर उतरवून घ्यावे असा महाराजांचा हुकूम होता, पण कोणी गेले नाही, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे.

पुढची हकीकत खुद्द बाबासाहेबांनी अनेक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींत आली आहे. हिंदू खाणावळीत वा हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. नाव बदलून राहावे, तर ओळखले जाण्याची भीती. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तेथे पारशांखेरीज कोणास राहता येत नव्हते; पण राखणदारास उतारूंची वाण होती आणि रोजचा दीड रुपया त्यास हवा होता, म्हणून वहीत पारशी नाव लिहून त्यांना वर जागा देण्यात आली. कोणी शेजारी नाही, वर अडगळीने भरलेला एक दिवाणखाना, रात्री एक मिणमिणता कंदील. दिवसा कचेरीत वेळ जाई. रात्री पुस्तकात मन घालण्याचा ते यत्न करीत. मनात एकच आशा की, सरकारी बंगला मिळेल. त्यासाठी अर्ज दिला होता आणि तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले. धर्मशाळा बाटविली म्हणून त्यांनी जाब विचारला आणि सायंकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावून ते गेले. त्यानंतर बाबासाहेबांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले की, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितले की, पत्नीस विचारल्याशिवाय सांगता येत नाही. आणि ते दांपत्य मूळचे ब्राह्मण असल्यामुळे त्याचा अर्थ काय होता हे विचारणाऱ्यास कळले. सरकारी जागेची व्यवस्था तत्काळ होईना. रात्री नऊच्या गाडीस पाच तासांचा अवधी होता. ते पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.

या हकीकतीकडे साधारणपणे दोन प्रकारांनी पाहिले जाते. एक वर्ग म्हणतो की, यात महाराजांचा दोष नाही, समाजाचा आहे. दुसरा म्हणतो की, जो राजा आपल्याच शिष्यवृत्तीधारकास एक खोली देऊ शकत नाही, त्याच्या सुधारणांचे कौतुक कशाला? आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिल्याने राजाची सुटका होते, पण ती फारच स्वस्तात. अधिकारी हुकूम मानीत नाहीत आणि अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो, याची जबाबदारी ज्याच्या नावाने राज्य चालते त्याच्यावरच येते. आणि महाराजांच्या दीर्घ परदेशवासांत कारभाराची शिस्त ढिली पडे, ही तक्रार त्यांच्या चाहत्यांनीही केलेली आहे. दुसऱ्या मताने एक वस्तुस्थिती दृष्टीआड होते. त्या दिवशी त्या शहरात त्यांना बसण्यास जी एकमेव जागा मिळाली, ती महाराजांच्याच कारकीर्दीत झालेली सार्वजनिक बाग होती. बागेच्या दारात आडनाव विचारणारा कोणी नव्हता. जे सरकारने सर्वांसाठी बांधले होते ते अशा प्रकारे उघडे होते. जे घरमालकाच्या, पंचांच्या आणि धर्मादायाच्या हाती होते ते बंद होते. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

बडोदे सरकारने पाणी, शिक्षण आणि वाचन ही आपली कामे मानली. बिऱ्हाड हे मात्र त्याने सरकारचे काम मानले नाही. त्या काळी ते कोणीच मानीत नव्हते, असे म्हणावे तर तसेही नाही. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, दाट वस्त्यांतील माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, गिरण्या ओस पडल्या, आणि भयापोटी का होईना १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद करताना जेवढी घरे पाडली तेवढी बांधली नाहीत, हा त्याच्यावरील आक्षेप योग्यच आहे. तरी परळसारख्या भागांत त्याच्या चाळी उभ्या राहिल्या. दहा बाय दहाची खोली, सामाईक नळ, सामाईक शौचकूप. त्यात सुख म्हणावे असे काही नव्हते. परंतु त्या खोलीचे भाडे भरणाऱ्यास ती मिळे. बडोद्यात ज्यांना अकरा दिवसांवर राहू दिले नाही, ते बाबासाहेब पुढे बरीच वर्षे परळच्या अशाच एका चाळीत सहकुटुंब राहिले. दादरचे ‘राजगृह’ नंतरचे. सार्वजनिक चाळीच्या सरकारी भाडेपावतीचे हे महत्त्व अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही.

आपल्या मध्यमवर्गाने घराचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडविला, आणि तो मार्ग कसा पडला हे पाहण्यासारखे आहे. बडोद्यातच १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी काही मराठी मंडळींना बरोबर घेऊन ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ काढली. सहकाराचा कायदा देशात होण्यापूर्वी पंधरा वर्षे हे घडले. सरकारची कवडी न घेता सामान्य नोकरदार माणसे एकमेकांच्या विश्वासावर कर्ज देऊ-घेऊ लागली. बडोदेकर मराठी समाजाने अभिमान बाळगावा असेच हे कृत्य होते. पुढे १९१५ साली मुंबईस गावदेवी येथे श्रीपाद सुब्राव तल्माकी यांनी सारस्वत मंडळींची सहकारी गृहरचना संस्था स्थापन केली, ती या प्रकारची आपल्याकडील आद्य संस्था होय. गुणांची बाजू मान्य करून आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की, सहकाराचा पाया परस्परविश्वास आणि विश्वासाचा पाया ओळख. आणि आपल्या देशात ओळख म्हणजे जात. जी माणसे एकमेकांस ओळखत होती ती एकत्र आली, त्यांनी उत्तम, हवेशीर घरे बांधली, आणि नकळत प्रत्येक ज्ञातीची एक वसाहत झाली. ज्याच्या ज्ञातीत चार नोकरदारही नव्हते, त्याला ना सरकारचे घर ना ज्ञातीचे. पाणी आणि शाळा या गोष्टी सरकारकडून आल्या म्हणून भांडून का होईना सर्वांच्या झाल्या. घर ज्ञातीकडून आले म्हणून ते ज्ञातीचे राहिले.

पॅट्रिक गेडीस हा नगररचनाकार १९१६ साली बडोद्यास येऊन शहराच्या विकासाविषयी अहवाल लिहून गेला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, तिच्यातील चांगले राखून जपून डागडुजी करावी, हे त्याच्या साऱ्या कामाचे सूत्र होते. म्हणजे बाबासाहेब परत येण्याच्या केवळ एक वर्ष आधी या शहराच्या घरांचा आणि गल्ल्यांचा विचार जगप्रसिद्ध मनुष्याकडून झाला होता. घर कसे असावे हा विचार झाला. घर कोणास मिळावे हा झाला नाही.

सार्वजनिक वस्तू बांधणे आणि ती सर्वांस उघडी करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे कायद्याच्या भाषेत प्रथम स्पष्टपणे आले ते मुंबई इलाख्यात. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पैशाने बांधलेले तलाव, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले करावेत असे मुंबई कायदेमंडळाने ठरविले. महाडच्या नगरपालिकेने तो ठराव मान्यही केला. पण पाणी ओंजळीत घेण्यास २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला, आणि ते पाणी पिणाऱ्यांना लाठ्याकाठ्यांचा मार खावा लागला. त्या दिवशी तळ्यावर पुढे चालणारा मनुष्य तोच होता, ज्याने दहा वर्षांपूर्वी बडोद्यातील काठ्या पाहिल्या होत्या. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा जो तपशीलवार उल्लेख आहे, तो वाचताना कित्येकांस ते कलम फार बारकाव्यात शिरते असे वाटते. ज्याला प्रत्येक ठिकाणी अडविले गेले आहे, त्याने ती यादी पाहिली तर एकही शब्द अधिक वाटणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने, ज्याचे नाव पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेला अटकाव गुन्हा ठरविला. कागदावर ते दार उघडले.

तथापि २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहरचना संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सभासदत्व आपल्याच समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा पोटनियम वैध आहे. लोकांना आपल्या संगतीची निवड करण्याचे स्वातंत्र्य आहे. न्यायालयाचा युक्तिवाद संघटनास्वातंत्र्याचा होता, आणि अल्पसंख्य, आटत चाललेल्या समाजाची आपली वसाहत टिकविण्याची ओढ आम्ही समजू शकतो. परदेशी वा परप्रांती राहिलेल्या मराठी माणसाला तर ती सहज समजावी. आपल्या वाड्याशेजारी आपलीच भाषा ऐकू यावी असे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आमच्या पूर्वजांनाही वाटतच होते. पण १९१७ च्या त्या जिन्यावरची माणसे हेच म्हणत होती की धर्मशाळा आमच्या समाजाची आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने ते खोटे बोलत नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक नवे शिक्षक रुजू झाले. विषयात तयार, मुलांना प्रिय, वागण्यात सौम्य. पहिले पंधरा दिवस ते एका नातलगाकडून दूरच्या गावाहून रोज ये-जा करीत होते. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की, तीन ठिकाणी खोली पाहिली; भाडे ठरले, अनामत ठरली, आणि संपूर्ण नाव सांगितल्यावर खोली आधीच कोणास तरी दिल्याचे घरमालकांस आठवले. त्यांपैकी एक घरमालक आमच्या चांगल्या परिचयाचे, वाचनाची आवड असलेले गृहस्थ. सयाजीराव महाराजांच्या जयंतीच्या कार्यक्रमास ते न चुकता येत आणि पहिल्या रांगेत बसत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, मुलांच्या परीक्षेची विचारपूस केली, आणि खोलीचा विषय निघताच सांगितले की, आमचे काहीच म्हणणे नाही, पण शेजारचे काय म्हणतील. नोकर निघून जातील, असे सांगणाऱ्या त्या १९१७ सालच्या हिंदू परिचिताचे वाक्य आम्हांस तेथे आठवले. आम्ही ते बोलून दाखविले नाही, हा आमचा भ्याडपणा. शिक्षकांस शेवटी चौथ्या ठिकाणी, सरकारी वसाहतीतील एका निवृत्त कारकुनाच्या घरी जागा मिळाली.

कामाठी बागेस आता सयाजी बाग म्हणतात. बाबासाहेब ज्या वडाखाली बसले होते असे मानले जाते, ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि २३ सप्टेंबरला तेथे मोठा समुदाय जमतो. आम्ही दरवर्षी सहावीची मुले संग्रहालय आणि प्राणी दाखविण्यास बागेत नेतो. गेल्या खेपेस त्या जागेपाशी थांबून ही हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, मग ते महाराजांच्या राजवाड्यात का नाही गेले?” आम्ही काही उत्तर देण्याच्या आत दुसरा म्हणाला, “अरे, ते नोकरीला आले होते, पाहुणे म्हणून नव्हे.” मग मुले सिंहाच्या पिंजऱ्याकडे धावली.